अर्ध्या मिनिटाचें वादन

गेल्या स्नेहसंमेलनाचा कार्यक्रम संपून मंडळी घरीं जाण्यास निघाली, तेव्हां एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांपाशीं येऊन उभे राहिले. त्यांचा मुलगा शाळेच्या वाद्यवृंदांत क्लॅरिओनेट वाजवितो. सहा महिने तो शाळा सुटल्यावर मागें थांबून सराव करीत असे, आणि घरीं गेल्यावरही त्याच्या सुरांमुळें आळींतील माणसांस विसांवा म्हणून मिळत नसे, असें त्या गृहस्थांनीं हंसत हंसत सांगितलें. मग त्यांचा चेहरा किंचित् उतरला. ते म्हणाले, "सर, पोरानें सहा महिने घासलें, आणि वाजवायला मिळालें अर्धें मिनिट! बाकी सारा वेळ वाद्य मांडीवर घेऊन बसला होता. त्याची आई मला विचारते, याचें कांहीं चुकलें म्हणून याला बसवून ठेवलें का? आतां तो स्वतःच म्हणतो, वाद्य शाळेला परत करून टाकतों."

त्या गर्दींत आम्ही त्यांस समाधानाचे दोन शब्द सांगितले. परंतु तें कांहीं उत्तर नव्हतें, आणि घरीं परततांना आमचें आम्हांसच तें बोंचत राहिलें. एका मोठ्या गीतांत एका लहान वाद्यास अर्धें मिनिट दिलें जातें तें कशासाठीं? तें मिनिट काढून टाकलें तर काय बिघडेल? हा प्रश्न एका मुलाचा नाहीं. ज्याच्या वांट्यास लहानसें काम येतें अशा प्रत्येकाचा तो आहे. म्हणून त्या दिवशीं राहून गेलेलें उत्तर आज आम्ही येथें सविस्तर देत आहों.

त्या मुलास जें वाजवावयाचें होतें तें एक संथ इंग्रजी गीत होतें. अशा गीतास पाश्चात्य लोक 'बॅलड' म्हणतात. मुळांत बॅलड म्हणजे आपल्या पोवाड्याप्रमाणें कथा सांगणारें लोकगीत; परंतु विसाव्या शतकांत प्रेम, विरह, पश्चात्ताप असे भाव संथ लयींत सांगणाऱ्या लोकप्रिय गीतासही तेंच नांव पडलें. त्याची बांधणी बहुतेक ठरलेली असते. एक कडवें, मग पालुपद. दुसरें कडवें, पुन्हां पालुपद. नंतर चाल किंचित् बदलणारा एखादा जोडभाग, आणि अखेरीस पुन्हां पालुपद. या क्रमांत बहुधा दुसऱ्या पालुपदानंतर गाणारा गप्प होतो आणि एकच वाद्य पुढें येऊन बोलूं लागतें. यास 'सोलो' किंवा एकल वादन म्हणतात. तें कधीं गिटारचें असतें, कधीं पियानोचें. पण अनेक गाजलेल्या गीतांत तें फुंकून वाजविण्याच्या लाकडी वाद्यांस दिलेलें आढळतें.

येथें 'लाकडी' या शब्दाचा उलगडा केला पाहिजे. आपल्या शास्त्रांत वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग सांगितले आहेत. सुषिर म्हणजे पोकळ, फुंकून वाजविण्याचीं वाद्यें. पाश्चात्यांनीं या वर्गाचे पुन्हां दोन भाग केले, एक पितळी आणि दुसरा लाकडी. ट्रंपेटसारख्या पितळी वाद्यांत वादकाचे ओठच थरथरतात व त्यांतून सूर उत्पन्न होतो. लाकडी वर्गांत मात्र एक तर फुंकर छिद्राच्या धारेवर आपटून सूर निघतो, जसा आपल्या बांसरींत. किंवा बोरूच्या जातीच्या गवतापासून केलेली पातळ पट्टी थरथरून सूर निघतो. आपल्या सनईप्रमाणें पाश्चात्यांच्या ओबोंतही अशी जोडपट्टी असते. क्लॅरिओनेटमध्यें व सॅक्सोफोनमध्यें एकच पट्टी असते. या नियमामुळें सॅक्सोफोन अंगानें सबंध पितळेचा असूनही 'लाकडी' वर्गांत बसतो! बेल्जममधील दिनां या गांवीं १८१४ सालीं जन्मलेल्या आडॉल्फ साक्स यांनीं तो शोधून काढला व १८४६ सालीं पॅरिसमध्यें त्याचे हक्क नोंदविले.

या वाद्यांचा आणि मानवी कंठाचा संबंध फार निकटचा आहे. आल्टो जातीचा सॅक्सोफोन सेकंदास सुमारे १४० कंपनांपासून सुमारे ८३० कंपनांपर्यंतचे सूर काढतो. उंच पट्टींत गाणाऱ्या पुरुषाचा गळा साधारणपणें १३० ते ५२० कंपनांच्या मध्यें फिरतो. म्हणजे ज्या अंगणांत गायक खेळतो त्याच अंगणांत हें वाद्यही खेळतें. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, दोघांचें भांडवल एकच आहे, आणि तें म्हणजे श्वास. पियानो वाजविणारा श्वास न घेतांही पुढें वाजवूं शकतो. क्लॅरिओनेट वाजविणारास मात्र गाणाऱ्याप्रमाणेंच वाक्य संपवून थांबावें लागतें. त्या थांबण्यानेंच त्याचें वादन बोलण्यासारखें वाटतें. गायक गप्प झाला तरी कोणी तरी अजून बोलत आहे, असें ऐकणारास भासतें. या वाद्यांस ही जागा मिळते तिचें पहिलें कारण हें.

आतां तें वाद्य तेथें येऊन करतें काय, हें प्रत्यक्ष उदाहरणांनीं पाहूं.

इंग्लंडांतील मूडी ब्लूज या संघाचें 'नाइट्स इन व्हाइट सॅटिन' हें गीत १९६७ सालीं निघालें. तें रचलें तेव्हां जस्टिन हेवर्ड अवघे एकोणीस वर्षांचे होते. लिहिलेलीं पण पाठविलीं न जाणारीं पत्रें आणि मनांतच कोंडलेलें प्रेम हा त्याचा विषय आहे. गीत चढत चढत अशा टोंकास पोंचतें कीं, याहून मोठ्यानें सांगण्यास गाणारापाशीं कांहीं उरत नाहीं. त्या ठिकाणीं त्याच संघांतील रे टॉमस यांची फ्लूट सुरू होते. ती ओरडत नाहीं; उलट आवाज खालीं आणते. तिचें बोलणें संपल्यावर गायक परत येतो, आणि पाहा, तो नवें कडवें गात नाहीं! पहिलेंच कडवें तो पुन्हां गातो. शब्द तेच, चाल तीच; पण आपण तें पहिल्यासारखें ऐकत नाहीं. मधल्या फ्लूटनें आपल्या मनाची भूमि नांगरून ठेवलेली असते. प्रथम जें कडवें केवळ वर्णन वाटलें होतें तें आतां हताश कबुलीसारखें वाटतें. एकही शब्द न बदलतां शब्दांचा अर्थ बदलणें, हें एकल वादनाचें पहिलें काम होय. हें गीत १९७२ सालीं अमेरिकेंतील बिलबोर्डच्या यादींत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलें. म्हणजे निघाल्यावर पांच वर्षांनींही तें लोकांस नवें वाटलें.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील बिली जोएल यांच्या 'जस्ट द वे यू आर' या १९७७ सालच्या गीताचें. यांत प्रियकर आपल्या प्रियेस सांगतो कीं, तूं आहेस तशीच मला हवीस, माझ्यासाठीं बदलूं नकोस. असें आश्वासन देणें सोपें. त्यावर विश्वास बसविणें कठीण. मध्यंतरीं गायक थांबतो व फिल वुड्स यांचा आल्टो सॅक्सोफोन त्याच कडव्याच्या स्वरसंगतीवर स्वतःचें बोलणें मांडतो. वुड्स हे जाझ संगीतांतील नामांकित वादक होते. बोटें किती वेगानें फिरूं शकतात हें दाखविणें त्यांस मुळींच अवघड नव्हतें. परंतु येथें ते तसें करीत नाहींत. सुरांची मोडणी जाझची ठेवूनही ते गीताच्या मर्यादेंत राहतात. गायकाचें वचन जणु एका दुसऱ्या माणसानें ऐकलें आणि 'होय, हा खरें बोलतो' अशी साक्ष दिली, असें त्या वादनानें वाटतें. साक्ष देणें, हें दुसरें काम. या गीतास १९७९ सालीं झालेल्या समारंभांत त्या वर्षींची उत्तम ध्वनिमुद्रिका आणि उत्तम गीत अशीं दोन ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं. आमच्या क्लॅरिओनेट वाजविणाऱ्या विद्यार्थ्यास आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. न्यू यॉर्कच्या जूलियार्ड या प्रख्यात संगीत विद्यालयांत फिल वुड्स शिकले ते सॅक्सोफोन नव्हे, क्लॅरिओनेट!

तिसरें उदाहरण जॉर्ज मायकल यांच्या 'केअरलेस व्हिस्पर' या १९८४ सालच्या गीताचें. येथें सॅक्सोफोन मध्यें येण्याची वाटच पाहत नाहीं. गायकाच्या आधीं तोच बोलतो. वरून खालीं उतरत येणारी त्याची एक लहानशी ओळ आरंभीं ऐकूं येते आणि मग गीतांत ती पुनः पुन्हां परत येते. गीताचा विषय विश्वासघात व त्याचा पश्चात्ताप हा आहे. केलेली चूक मनुष्य विसरूं पाहतो आणि ती पुनः पुन्हां समोर येऊन उभी राहते. तसेंच त्या ओळीचें आहे. आठवण जागी ठेवणें, हें तिसरें काम. ही चाल आपणांस सतरा वर्षांचे असतांना बसमधून जातांना सुचली, असें मायकल यांनीं पुढें सांगितलें. त्या गीताचें अमेरिकेंत झालेलें पहिलें ध्वनिमुद्रण मनास न आल्यामुळें बाजूस ठेवण्यांत आलें व तें लंडनमध्यें नव्यानें करण्यांत आलें. जो सॅक्सोफोन आज सर्व जगास ठाऊक आहे तो स्टीव्ह ग्रेगरी यांनीं वाजविलेला आहे. गायकाचें नांव लाखों लोक घेतात, वादकाचें फार थोडे. पण गीत ओळखलें जातें तें मात्र वादकाच्या ओळीवरून.

चौथें उदाहरण आमच्या बहुतेक वाचकांनीं ऐकलेलें असेल. 'टायटॅनिक' या १९९७ सालच्या चित्रपटासाठीं जेम्स हॉर्नर यांनीं चाल दिलेलें आणि सेलीन डियों यांनीं गायिलेलें 'माय हार्ट विल गो ऑन' हें गीत एका टिनच्या शिटीसारख्या बारीक बांसरीनें सुरू होतें. तिला आयर्लंडांत टिन व्हिसल म्हणतात; आपल्या बांसरीप्रमाणेंच तिला बोटांसाठीं सहा छिद्रें असतात. इतक्या मोठ्या खर्चाच्या चित्रपटांत इतकें स्वस्त वाद्य कां घेतलें असावें? टायटॅनिक जहाज आयर्लंडांतील बेलफास्ट येथें बांधलें गेलें. १९१२ सालच्या त्या एकुलत्या एका सफरींत शेवटचे उतारू त्यानें आयर्लंडच्याच किनाऱ्यावरून घेतले. त्यांत नशीब काढावयास अमेरिकेस निघालेलीं गरीब माणसें होतीं. त्या बांसरीच्या पहिल्या चार सुरांबरोबर तो किनारा आणि तीं माणसें आपल्यापुढें उभीं राहतात. शब्दांनीं हें सांगावयाचें तर एक कडवें खर्चीं पडलें असतें. स्थळ आणि माणसें डोळ्यांपुढें आणणें, हें चौथें काम.

ही कला केवळ परदेशांतच आहे असें मात्र नाहीं. मुंबईच्या चित्रपट-संगीतानें ती लवकरच आपलीशी केली. १९६४ सालच्या 'काश्मीर की कली' या चित्रपटांत ओ. पी. नय्यर यांनीं महंमद रफी यांच्याकडून एक संथ, उदास गीत गाऊन घेतलें आहे. त्यांतील सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा आहे, आणि रफींच्या आवाजाइतकाच तो लोकांच्या स्मरणांत राहिला आहे. त्या काळच्या मुंबईच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक पुष्कळ होते. गोव्यांतील चर्चच्या शाळांमधून लहानपणींच स्वरलेखन वाचण्यास शिकल्यामुळें पुढें ठेवलेला कागद ते पाहतां पाहतां वाजवीत. त्यांतील कित्येकांचीं नांवें कोणत्याही तबकडीवर छापलीं गेलीं नाहींत. तीं गीतें मात्र आजही घरोघर ऐकूं येतात.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या अर्ध्या मिनिटाचा हिशेब करूं. हा हिशेब पांचवीचा मुलगाही करील. पाश्चात्य पद्धतींत बहुधा चार मात्रांचा एक गट धरतात व त्यास 'बार' म्हणतात. संथ गीताची लय मिनिटास ७२ मात्रांची धरूं. एकल वादन पुष्कळदां आठ बारांचें असतें. म्हणजे ३२ मात्रा. मिनिटास ७२ मात्रा, तर ३२ मात्रांस सुमारें २७ सेकंद. हेंच तें अर्धें मिनिट! तें लहान कां, याचें उत्तरही याच हिशेबांत आहे. गीत चार मिनिटांचें. त्याची गोष्ट शब्दांनीं चालते. शब्द थांबले कीं श्रोत्याचें मन क्षणभर मोकळें होतें, आणि जें ऐकलें तें त्याच्या आंत उतरूं लागतें. तो अवकाश अगदींच थोडा दिला तर मन उतरत नाहीं, आणि फार दिला तर गोष्ट विसरून श्रोता वादकाची बोटें पाहूं लागतो. दोन्हींकडून गीताचें नुकसानच आहे.

आणि बाकीच्या वेळाचें काय? त्या मातेनें विचारलें होतें, मुलाला बसवून कां ठेवलें? बाई, तुमचा मुलगा रिकामा बसला नव्हता. त्याचें वादन अडीच मिनिटांनीं सुरू होणार होतें. अडीच मिनिटांत १८० मात्रा, म्हणजे ४५ बार होतात. ते पंचेचाळीस बार त्यास मनांत एकेक करून मोजावे लागले. एकाची चूक झाली असती तर तो चार मात्रा आधीं किंवा चार मात्रा उशिरां उठला असता, आणि गाणारी मुलगी गोंधळून गेली असती. शिवाय फुंकून वाजविण्याचें वाद्य थंड पडलें कीं त्याचा सूर उतरतो. म्हणून त्यांत आवाज न करतां मधून मधून ऊबदार श्वास सोडावा लागतो. पट्टी वाळली तर पहिलाच सूर चिरकतो. म्हणून ती ओठांनीं ओली ठेवावी लागते. तुम्हांस जें नुसतें मांडीवर वाद्य घेऊन बसणें दिसलें, तें इतकें सारें काम होतें. आणि त्याबरोबरच तो गीत ऐकत होता. हें सर्वांत मोठें काम. जो ऐकत नाहीं त्यास, आपली पाळी आल्यावर, गायकानें कोठें सोडलें आणि आपण कोठून उचलावयाचें हें कळत नाहीं.

१९८३ सालीं जपानच्या यामाहा कंपनीनें डीएक्स-७ नांवाचें विजेवर चालणारें पेटीसारखें वाद्य काढलें, आणि त्यांतून बांसरीसारखे, क्लॅरिओनेटसारखे सूर एका बोटानें काढतां येऊं लागले. पुढें तशीं यंत्रें सर्वत्र झालीं. तीं स्वस्त पडतात, सरावाची मागणी करीत नाहींत, आणि त्यांची पट्टी कधीं वाळत नाहीं. तरी देखील ज्या गीतास खरोखर मनांत उतरावयाचें असतें त्यासाठीं आजही फुंकणारा माणूस बोलावला जातो. यंत्राचा सूर निर्दोष असेल. पण त्यास श्वास घेण्यासाठीं थांबावें लागत नाहीं, आणि जो थांबत नाहीं तो बोलत आहे असें आपणांस वाटत नाहीं.

आमच्या बालवाचकांनीं घरीं एक प्रयोग करून पाहावा. वर सांगितलेल्या गीतांपैकीं कोणतेंही एक तीन वेळां ऐकावें. पहिल्या वेळीं सहज ऐकावें. दुसऱ्या वेळीं एकल वादन सुरू होतांच आवाज बंद करावा, मनांत तितक्या मात्रा मोजाव्या, आणि गायक परत येतांच आवाज सोडावा. मधला भाग गेल्यानें पुढचे शब्द किती कोरडे लागतात तें त्या वेळीं लक्षांत येईल. तिसऱ्या वेळीं वादनाबरोबर स्वतः गुणगुणावें, आणि वादक जेथें श्वास घेतो तेथेंच आपणही घ्यावा. जें वादन असें गुणगुणतां येतें तें बहुधा चांगलें असतें; जें गुणगुणतां येत नाहीं, केवळ वेगानें दिपवितें, तें पुष्कळदां गीताचें नसून वादकाच्या हौसेचें असतें. ही कसोटी सर्वच ठिकाणीं लागू पडेल असें नाहीं, पण आरंभास ती पुरेशी आहे.

पालकांसही एक विनंती आहे. आपल्या मुलाचें काम किती मिनिटें चाललें, हें घड्याळाकडे पाहून मोजूं नये. तें काढून टाकलें असतें तर मागें काय उरलें असतें, हें पाहावें. नाटकांत एकच निरोप घेऊन येणारा शिपाई, सामन्यांत शेवटच्या जोडींत एक बाजू धरून उभा राहणारा खेळाडू, संमेलनांत पडदा ओढणारा मुलगा, या सर्वांचें माप तेंच आहे. मात्र या मापाचा उपयोग मुलाची नुसती समजूत घालण्यासाठीं करूं नये. मुलांस खोटी समजूत तेव्हांच कळते. त्यास गीत पुन्हां ऐकवावें, त्याचें अर्धें मिनिट वगळून ऐकवावें, आणि मग त्यासच ठरवूं द्यावें.

त्या विद्यार्थ्यास आम्ही दुसऱ्या आठवड्यांत बोलावून असेंच केलें. संमेलनाच्या दिवशीं त्याच्या वर्गमित्रानें केलेलें ध्वनिमुद्रण आम्हांपाशीं होतें. प्रथम तें वादन वगळून ऐकविलें. तो कांहीं बोलला नाहीं. मग त्याच्या वादनासह ऐकविलें. त्यांत दुसऱ्या बारांत त्याचा एक सूर किंचित् उतरला होता. आम्हीं तो हेरला होता, पण मुद्दाम बोललों नाहीं. ऐकून झाल्यावर त्यानें मान वर केली व विचारलें, "सर, तो सूर उतरला तो पट्टी वाळल्यामुळें का?" आम्हीं सांगितलें, "वाद्य थंड पडल्यामुळें. पुढच्या वेळीं चाळिसाव्या बारास त्यांत एक श्वास सोड." त्यानें तें आपल्या वहींत लिहून घेतलें. वाद्य परत करण्याविषयीं त्या दिवशीं तो कांहीं बोलला नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं.